धुळाचं छापलेलं लिव्हर

७ ऑक्टोबर, सोमवार
पुन्हा छापलं. कालचं मॉडेल शिरेपाशीच तुटलं — नेमकं तिथंच! वॉर्डातल्या धुळा मेंढपाळाच्या लिव्हरमधली पाण्याची गाठ त्या मोठ्या शिरेला चिकटून बसलीय. मेंढरांच्या कुत्र्यांकडून येते ही. फुटून पाणी पोटात सांडलं तर माणूस टेबलावरच जाईल. वीरधवल सरांना दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं, तर आधी हातात धरून बघायला प्लॅस्टिकचं लिव्हर हवं. सीटी स्कॅनवरून ते बनवायचं मी. आणि थ्रीडी प्रिंटरचं डोकं फिरलेलं!

धुळाचं एकच — "प्वाट फाडू नगा म्याडम. दिवाळीनंतर मेंढरं घिऊन निघायचं हाय. टाकं घातल्यावर कोकरू कसं उचलू?"

कोरेगावहून आईचा फोन. उजव्या कुशीत अजून दुखतंय. तिथले डॉक्टर पित्त म्हणतात. मग पित्तच असेल. मला वेळ कुठाय!

९ ऑक्टोबर
जमलं एकदाचं. गाठ पिवळी, शीर निळी. वॉर्डात धुळाच्या बायकोला समजावायला तिच्या हातात दिलं. म्हटलं, "मंगलताई, हे तुमच्या मालकांचं लिव्हर." ती बघतच राहिली. "आसंच हाय व्हय आत?" तेवढ्यात मला खाली बोलावलं.

१० ऑक्टोबर
मॉडेल नाही. मंगलही नाही! उद्या ऑपरेशन, आणि नवं छापायला दोन दिवस लागतात. सर म्हणाले, "मॉडेल नसेल तर मी सरळ पोट उघडतो."

संध्याकाळी मंगल उगवली. कपाळभर भंडारा, हात रिकामे.

"बिरोबाला वाह्यलं. डोळं दुखलं की चांदीचं डोळं वाहत्यात, तसं. तुमीच म्हणला न्हवं, मालकाचं हाय?"

परत आणा म्हटलं, तर — "देवाला दिल्यालं माघारी आनत न्हाईत."

ओरडले तिच्यावर, सगळ्या वॉर्डादेखत. तुमच्यामुळे तुमच्याच नवऱ्याचं पोट फाडणार, हेही बोलले. ती म्हणाली, "आता त्येचं त्यो बघंल." अशी चीड आली!

११ ऑक्टोबर
सरांना गळ घातली — स्क्रीनवर सीटीचं चित्र लावते, निदान दुर्बीण घालून बघा. गॅसने पोट फुगवलं आणि लिव्हर सरकलं! माझं चित्र एकीकडे, गाठ भलतीकडे. सर म्हणाले, "बंद कर ते." सोनोग्राफीची बारीक नळी आत घालून शीर शोधली, गाठ रिकामी केली. थेंब सांडला नाही. पोट फाडावं लागलं नाही.

माझी एवढी खटपट, आणि कामाला आली ती नळी. मंगल म्हणते, "बघितलं न्हवं देवानं?" कप्पाळ!

१६ ऑक्टोबर
धुळा घरी गेला. जाताना मंगलने स्वतःचा नंबर माझ्या फोनमध्ये घालायला लावला. "बिरोबाच्या जत्रंला या." कोण जातंय!

आईचं दुखणं थांबत नाही. शेवटी इकडे मिरजेला बोलावलं, सीटी करू म्हटलं.

१९ ऑक्टोबर
आईचं सीटी मीच पाहिलं. पित्त नाही. लिव्हरमध्ये गाठ आहे, आणि ती पाण्याची नाही.

मॉडेल छापायला टाकलं. दोन प्रती. मग मंगलला फोन लावला — देवाला वाहायचं कसं, ते विचारायला.