चामड्याचा बटवा आणि माझं शहाणपण

६ जुलै १९९७, रविवार. नोएडा

पहिला बटवा झाला. बटवा म्हणायचं आपलं. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब, टाके वाट्टेल तिकडे पळालेले. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे काय, बुटाची जीभ?" नवऱ्याला विनोद सुचतो तो नेमका माझ्याच वस्तूवर.

पण पन्नाशीनंतर हाताला काहीतरी हवं असतं. दिवसभर ऑफिसात फायलींवर 'सादर' लिहायचं आणि येताना चार्टर्ड बसमध्ये पेंगायचं, एवढ्यावर माझं भागत नाही. आधी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, हलायला जागा नव्हती. इथे नव्या सोसायटीत बाल्कनी आहे, तिथे माझा कारखाना. कातडं स्वयंपाकघरात आणायचं नाही, ही ह्यांची अट. मान्य.

१३ जुलै, रवि.

समोरच्या सोनावणेवहिनी विरजण मागायला आल्या. मजल्यावर मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. सोनावणेसाहेब केंद्राच्या मंत्रालयात डायरेक्टर, मुलगी पल्लवी कॉलेजात. वहिनी फार बोलत नाहीत, म्हणून मला जरा शिष्ट वाटायच्या.

आज बाल्कनीतला पसारा बघून थबकल्या. बटवा उचलला, वाकवला, नाकाशी नेला.

"ताई, रागावू नका. कातडं चुकीचं आणलंत. हे सोफ्याचं. टाका धरणार नाही."

मग माझ्या हातातली सुरी घेतली. "ढकलू नका. स्वतःकडे ओढा, एका दमात. थांबलात की कड फाटते." सर्रकन एक पट्टी कापून दाखवली, मोजपट्टी न लावता, सरळ! मी आ वासून. तुम्हाला हे कसं येतं? म्हणाल्या, "वडिलांकडे बघितलंय." आणि विरजण न घेताच गेल्या. नंतर मीच नेऊन दिलं.

२० जुलै, रवि.

वहिनींबरोबर करोल बाग. चामड्याच्या दुकानात बाई बदललीच. घडी घालायच्या, सोडायच्या. "रेघ राहिली की ठेवून द्यायचं खाली. रंगावर भाळू नका. मागची बाजू बघा, तिथे ते खरं बोलतं." दुकानदाराने तीन कातडी काढली, तिन्ही नापास. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, आप लाइन की हैं क्या?"

वहिनी म्हणाल्या, "नहीं जी, शौक़ है."

येताना छोले भटुरे. मी दोन, त्यांनी एक.

३ ऑगस्ट, रवि.

आजची शिकवणी, विसरायच्या आत:

नमुना आधी पुठ्ठ्याचा. ऑफिसच्या जुन्या फाइलीचं कव्हर उत्तम (सरकारचा एवढा तरी उपयोग). भोकं सारख्या अंतरावर पडत नाहीत? खायचा काटा घ्यायचा, दाबत जायचं, खुणा होतात. आरीने भोकं नंतर. दोरा मेणावरून दोनदा. दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर, आणि

मध्येच कुकर झाला. दोन्ही हात सारखे ओढायचे. वहिनी म्हणतात, एक हात रुसला की टाक्यात दिसतं. माझा डावा कायमचा रुसलेला. त्या माझं मनगट धरून ओढतात, चुकलं की चापट. आईनंतर मला कोणी चापट मारली नव्हती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ह्यांनी आपणहून चहा केला. तीन कप. माझ्या संसारातली नोंद घेण्यासारखी घटना.

१७ ऑगस्ट, रवि.

दुपारी लाइट गेले. बाल्कनीत दोघी टाके घालत होतो. वहिनी हातातल्या कामाकडे बघत बोलल्या. वडिलांचं कोल्हापूरला चपलांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. बायकांकडे वेणीचं काम, म्हणजे चपलेच्या पट्ट्यावरची बारीक गुंफण. नवव्या वर्षी यांची वेणी आईपेक्षा बारीक. लग्न झालं, साहेबांची बदली दिल्लीला, आणि त्यानंतर आरी हातात घेतली ती थेट माझ्या बाल्कनीत. बावीस वर्षांनी.

"इकडे कोणाला बोलले नाही कधी," म्हणाल्या.

मला सांगितलं. मला एकटीला! संध्याकाळभर हवेत होते.

३१ ऑगस्ट, रवि.

खांद्याची पिशवी पूर्ण. सुंदर झाली आहे, आणि हे मी म्हणत नाही, हे म्हणाले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हौशी कलाकारांचं प्रदर्शन असतं, शेजारच्या हॉलमध्ये. मांडवात चामडं नको, असं आमच्या चिटणीसबाई फोनवर दोनदा बोलल्या. हॉलमध्ये चालेल.

वहिनींना म्हटलं, तुमचंही ठेवा. नको म्हणाल्या. "तुमचं ठेवा, मी बघायला येते." किती हा विनय!

पण ऑफिसात तीस वर्षं बघतेय, मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची. माझ्या हातून ते होणार नाही. पिशवीशेजारी कार्ड ठेवणार. स्केचपेनने, माझ्या चांगल्या अक्षरात: 'मार्गदर्शन: सौ. सोनावणे. कोल्हापूरच्या खानदानी चर्मकार घराण्यातल्या.' वहिनींना सांगितलं नाही. त्यांना तिथेच दिसू दे.

७ सप्टेंबर, रवि.

कसं लिहू.

हॉल भरलेला. वहिनी आणि पल्लवी आल्या, साहेब दाराशी कोणाशी तरी बोलत. वहिनींनी कार्ड वाचलं. चेहरा हलला नाही, नुसते ओठ मिटले. तेवढ्यात चिटणीसबाई आल्या, त्यांनी मोठ्याने वाचलं. "अगंबाई! तरीच! मग सोनावणेबाई, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, उद्या आणू का तुमच्याकडे?"

सगळ्या हसल्या. वहिनीसुद्धा थोडं हसल्या.

मीही हसले.

दहा मिनिटांनी शोधलं तर तिघं निघून गेली होती. प्रसादसुद्धा घेतला नाही.

८ सप्टें., सोम.

ऑफिसात लक्ष नाही. 'गुपित ठेवा' असं म्हणाल्या होत्या का? नव्हत्या. मनात हीच सारवासारव घोळवत ऑफिसच्या स्टॉपपर्यंत, शास्त्री भवनापर्यंत, गेले. बसमधून उतरताना स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं कोणाला न बोललेली गोष्ट, ती गुपित आहे हे वर वेगळं सांगायला लागतं?

ह्यांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. "तू चांगलंच करायला गेलीस," म्हणाले. तेच तर. चांगलं करायला गेले आणि त्यांचं घर चौकात मांडून आले. दुकान त्यांचं, कष्ट त्यांचे, सांगायचं की नाही तेही त्यांचंच होतं.

१४ सप्टें., रवि.

अकराला बेल वाजवली. दार पल्लवीने उघडलं. "काकू, मम्मी झोपलीये." आतून मिक्सरचा आवाज येत होता.

साहेब जिन्यात भेटले. नेहमीसारखा नमस्कार. पे कमिशनबद्दल दोन वाक्यं. फार नीट बोलले, त्याचाच त्रास झाला.

२३ सप्टें., मंगळ.

लिफ्टमध्ये पल्लवी आणि मी. मुलगी सरळ बोलते, बरं झालं.

"काकू, मला तर कार्ड वाचूनच कळलं. नानाजी चप्पल बनाते थे और मुझे पता ही नहीं! मम्मी नेहमी सांगायची, दुकान होतं. कसलं, ते नाही. पप्पांनीच सांगितलेलं म्हणे, दिल्लीत बोलायचं नाही."

मी म्हटलं, चुकले गं.

"मला ना, यार, प्राउडच वाटलं. दोन सेकंद. मग सगळे हसले." तिसरा मजला आला. "तुम्ही पण हसलात."

ती उतरली. मीही तिथेच उतरायचं, तर खाली ग्राउंडला जाऊन परत आले.

५ ऑक्टोबर, रवि.

आज वहिनींनी स्वतः दार उघडलं. आत बोलावलं नाही, पण दार लावलंही नाही. मी पाठ केलेलं बोलायला लागले. त्यांनी हात वर केला.

"ताई, कार्डाचं मी गिळलं असतं. तुम्ही प्रेमाने लिहिलंत, कळतं मला. पण तुम्ही हसलात."

"हो," मी म्हटलं.

"ते मला इथे दारात येऊन नका सांगू. हसलात तिथे सांगा."

दसऱ्याला मंडळात सोनं वाटतात, सगळ्या असतात. मी विचारलं, तिथे बोलले तर चालेल? साहेबांना?

"ते म्हणतात, विषय वाढवू नका. मला चालेल." मग पदराने हात पुसत, "माझ्याबद्दल एक शब्द नको. माझ्या वडिलांबद्दल नको. तुमच्याबद्दल बोला. तुम्ही का हसलात ते."

एवढं बोलून आत गेल्या. मला ही बाई फार आवडते. आता कायमची दुरावली तर माझ्या बाल्कनीत मी एकटी काय टाके घालणार.

९ ऑक्टो., गुरु.

का हसले? चिटणीसबाई हसल्या म्हणून. सगळ्या हसत होत्या आणि मला त्यांच्यातलीच राहायचं होतं. एवढंच आहे. छोटं आहे आणि घाण आहे.

घरी जात पाळत नाही म्हणून मी किती वर्षं मिरवतेय.

११ ऑक्टो., शनि. दसरा

ह्यांनी सकाळी पार्कातून कचनारची पानं तोडून आणली, इथे आपट्याऐवजी तीच. माळ्याने हटकलं म्हणे, "अंकल, बस करो." तरी पिशवीभर.

बोलायचं ते चारदा लिहिलं. चारही वेळा नोटिंग झालं, 'खेदपूर्वक नमूद करण्यात येते' छाप. फाडलं. तोंडाला येईल ते बोलेन. चिटणीसबाई रागावतील. रागावू देत. जीभ जड झाली तर मात्र काय करू, माहीत नाही. हे म्हणाले, मी मागच्या रांगेत उभा राहतो, माझ्याकडे बघ.

वहिनी येणार नाहीत. पल्लवी येणार आहे आमच्याबरोबर.

पावणेपाच. बेल. पल्लवी, नवा ड्रेस, कपाळावर टिकली.

"काकू, मम्मी विचारतेय, तुम्ही सोनं वाटायच्या आधी बोलणार की नंतर?"

आधी, म्हटलं.

ती समोर सांगायला गेली आहे. तेवढ्यात हे लिहिलं. आली बहुतेक. निघते.