कानाखाली लावून पाहायचा रंग

माय, चौथीत पाटी सुटली माझी, तेव्हा अक्षर वाकडं येईल, ते चालवून घे. काल नातीनं मला खुर्चीवर बसवलं. ती कमानिया गेटजवळच्या एका पार्लरमध्ये नवऱ्या सजवते, आणि सरावाला तिला कोणाचं तरी तोंड पाहिजे होतं. म्हटलं, "काहून गं, मढं सजवून राहिली का?" तर म्हणते, "आजी, चुप बैठो. गोरं नाही करत. तुझाच रंग, बस सगळीकडे सारखा." माझ्या दोन्ही गालांवर वांग आलेत आता, करपलेल्या पोळीसारखे. तिनं हाताच्या पाठीवर दोन बाटल्यांतले रंग कालवले आणि बोट गालाकडे आणलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तिथं नको, कानाखाली लावून पाहा. तिथं दिसेनासा झाला, तरच खरा." पोरगी थबकली. "अरे वा! तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "टीव्हीत पाहिलं."

टीव्हीत कुठलं. मला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी पाहिलं. रांझीचं आपलं क्वार्टर, बाबा नाक्यावर पाहुण्यांना आणायला गेलेले. तुझ्या ओठांभोवती, हनुवटीवर कोड. आईला आहे म्हणजे पोरीलाही होईल, असं क्वार्टरांची सगळी लाइन बोलायची. तू पितळेच्या वाटीत तोंडाला लावायचा स्नो घेतेस, पानाच्या डब्यातला कात उगाळून त्यात घालतेस, वर तव्याची काजळी, नखाएवढी. कानाखाली लावतेस, खिडकीच्या उजेडात आरसा धरतेस, पुसतेस, पुन्हा कालवतेस. किती वेळा, कोण जाणे. मग ते तोंडाला थापून, वरून पावडर दाबून, तू पोहे करायला बसलीस. त्या दिवशी तू नेहमीसारखा पदर तोंडावर ओढला नव्हतास.

मी चुलीपाशी आले आणि म्हटलं, "तोंड धुऊन टाक. घामानं ओघळलं तर सोयरीक मोडेल माझी. पोहे मावशी नेईल."

तू म्हणालीस, "बरं. मीठ कमी आहे, तिला सांग." आणि मोरीत जाऊन साबणानं धुतलंस.

पाहुण्यांनी विचारलं, पोरीची आई कुठं? मावशीनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "ताप आलाय तिला." तापातली बाई आत भांडी घासून राहिली होती, सगळ्यांना ऐकू येत होतं. लग्न जमलं. मांडवात तू मागे उभी होतीस, पदर नाकावर. माझं पहिलं पोर मांडीवर घेतलंस, आणि दोन वर्षांत गेलीस. ती वाटी तू पुन्हा काढली नाहीस. मला कोड कधी आलंच नाही.

काल नातीनं आरसा दिला. तोंड माझंच होतं, डाग तेवढे नव्हते. पोरगी खूश. मी म्हटलं, "ठीक आहे." तिला तुझं नाव सांगायला पाहिजे होतं. तिला मराठी वाचता येतं, म्हणून हा कागद गादीखालीच राहील.

घामाची भीती नव्हती, माय. तूच पाहुण्यांपुढे नको होतीस मला. तू चुलीपुढून उठलीस तेव्हा कपाळावरून घाम गळत होता, आणि हनुवटीवरचा रंग जागचा हलला नव्हता. मी नीट पाहिलं होतं. मग म्हटलं, धुऊन टाक.