अंगठी वाजते का?

प्रिय कानसेन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी कपाळाला हात लावला असशील. घरात फोन असताना या बाईने पत्र का लिहिलं, आणि तेही एवढं जाडजूड, असं वाटलं असेल. गेल्या वेळी फोनवर मी तुटक बोलले, हे मला माहीत आहे. तू बरंच काही सांगत होतीस, मी नुसतं बरं बरं करत होते. शेवटी तू ‘ठेवू का?’ म्हणून विचारलंस आणि मी ‘हो, ठेव’ म्हटलं. त्यानंतर तुझा फोन आलेला नाही. तू कायमची रुसलीस की काय, या विचाराने माझं कशातच लक्ष लागत नाही. त्या फोनच्या गोष्टीकडे मी येणारच आहे, पण तुला माझी सवय माहीत आहे, मी मुद्द्यावर कधी सरळ येत नाही. तेव्हा चहा करून घे आणि बस.

आज रविवार, सकाळीच आंघोळी उरकल्या. माझी नव्हे, दागिन्यांच्या. महिन्यातल्या एका रविवारी आपण दोघी जे करायचो, ते मी अजून सोडलेलं नाही. खिडकीजवळचं टेबल, पांढरी चिनी मातीची वाटी, कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश आणि मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते तेव्हापासून साठवलेली ती पिवळी फडकी. वाटी सिंकपासून लांब ठेवायची, कारण सिंकच्या भोकाला दयामाया नसते, हे तू हसून आल्यागेल्याला सांगायचीस. आता सांगायला कोणी नाही, म्हणून मी मनातच म्हणते.

तू या घरात नवीन आलीस तेव्हाचा पहिला रविवार आठवतो का? मला मदत करावी म्हणून तू मी उठायच्या आधीच माझी साखळी टूथपेस्टने घासून ठेवली होतीस. तुमच्याकडे तसंच करायचे म्हणे. सोन्यावर बारीक बारीक ओरखडे, कड्यांत पांढरा चिकटा, आणि तू शाबासकीच्या आशेने माझ्याकडे बघतेस. मी दुकानातलं भिंग आणलं, साखळी कडी कडी करून तपासली आणि तुझ्या हातात भिंग दिलं. तू पाहिलंस आणि तुझा चेहरा एवढासा झाला. त्यावर कडी म्हणजे घाबरून तू मोत्यांचा सर उचलून साबणाच्या पाण्यात सोडलास. तेव्हा मात्र मी ओरडले. मोत्यांना आंघोळ नसते, नुसतं ओल्या फडक्याने तोंड पुसायचं असतं. आतला रेशमाचा दोरा भिजला की सैल पडतो. सर नव्याने ओवून आणावा लागला. त्याच दिवशी तू माझं नाव इन्स्पेक्टरीणबाई ठेवलंस. मला कळणार नाही असं तुला वाटत होतं. अगं, तू ते स्वयंपाकघरात म्हणायचीस आणि मी शेजारच्याच खोलीत असायचे. तेव्हा माझे कान शाबूत होते.

मग हळूहळू तू मलाही मागे टाकलंस. साबणाचा मागमूस राहू नये म्हणून स्वच्छ पाण्यातून काढायचं, चोळायचं नाही, टिपायचं. अत्तर आणि क्रीम आधी, दागिना सगळ्यात शेवटी. पाचूच्या खड्याला गरम पाणी दाखवायचं नाही. सगळं तुला पाठ झालं. आणि सगळ्यात शेवटची परीक्षा तर तुझ्याकडेच आली. खड्याची अंगठी पुसून झाली की कानाशी धरायची आणि नखाने हलकेच टिचकी मारायची. खडा घट्ट असला की गप्प राहतो, सैल झाला की वाजतो. तो आवाज मुंगीच्या चालण्याएवढा. मी डोळे, तू कान, अशी आपली वाटणी होती. एकदा माझ्या आईच्या निळ्या खड्याच्या अंगठीबद्दल तू म्हणालीस की ही वाजते. मी भिंगातून पाहिलं, मला काही दिसेना, मी तुला वेड्यात काढलं. सोनाराने खडा धरून ठेवणारं एक नख झिजलंय म्हणून सांगितलं तेव्हा मी कान पकडले. गाण्यातलं तुला ओ की ठो कळत नाही, तरी मी तुला कानसेन म्हणायला लागले ते त्या दिवसापासून. आणि ती अंगठीही तुझ्याच बोटात घातली. ज्याला तिचं ऐकू येतं त्याने ती सांभाळावी, एवढा साधा हिशेब होता.

तुझं आणि आमच्या चिरंजीवांचं का बिनसलं, ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी इतक्या सभ्यपणे बोलायला लागलात तेव्हाच मला धसका बसला होता. तुझा इथला शेवटचा रविवार मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सामान दारात बांधून ठेवलं होतं आणि तरी तू टेबलाशी येऊन बसलीस. आपण नेहमीसारखी एकेक वस्तू वाटीत टाकली. तू बोटातली अंगठी काढलीस, तीही टाकलीस. ब्रश फिरवलास, टिपलीस, कानाशी धरून टिचकी मारलीस, घट्ट आहे म्हणालीस, आणि परत बोटात घालायच्या ऐवजी माझ्यासमोर फडक्यावर ठेवलीस. मला म्हणायचं होतं की ही मी सुनेला दिली नव्हती, तुला दिली होती. पण मी उठून वाटीतलं पाणी ओतायला गेले. परत आले तर तू चपला घालत होतीस.

इकडची खबरबात म्हणशील तर फार काही नाही. चिरंजीव अधूनमधून येतात, माझी औषधं तपासतात आणि जातात. दाराची बेल बिघडली आहे. वायरमन येऊन गेला, पुन्हा येऊन गेला, आणि म्हणतो बेल ठणठणीत आहे. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. शेजारीण टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला आली. हल्ली लोकांना कशाचाही त्रास होतो. दूध तर मी शेजारीच भाजी चिरत असताना उतू जातं, चर्र असा आवाजही करत नाही. आणि एक गोष्ट तू मान्य करशील, हल्ली सगळेच पुटपुटतात. स्पष्ट बोलायची रीतच राहिली नाही.

तुझी अंगठी मी दर वेळी बाकीच्यांबरोबर आंघोळीला काढते. कानाशी धरते, टिचकी मारते. तू गेल्यापासून ती एकदाही वाजली नाही. मी म्हटलं, शहाणी झाली. आणि मागच्या महिन्यात डबी उघडते तर खडा एकीकडे आणि अंगठी एकीकडे. नशीब, डबीतच पडला होता. मी दोन्ही घेऊन त्याच सोनाराकडे गेले आणि तावातावाने विचारलं की हिचा खडा न वाजता पडलाच कसा. तो काहीतरी बोलला. मी मान हलवली. तो पुन्हा बोलला. मी पुन्हा मान हलवली. मग त्याने दुरुस्तीला आलेली कुणाचीतरी सैल खड्याची अंगठी काढली आणि माझ्या कानाशी धरून टिचकी मारली. मी म्हटलं, घट्ट आहे. शेजारी उभी असलेली एक मुलगी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या कानाशी झालेला तो आवाज तिलासुद्धा ऐकू गेला होता. सोनाराने दुसऱ्या कानाशी धरून पाहिलं. तिकडेही सामसूम. मग तो माणूस खुर्ची घेऊन बाहेर आला, मला बसवलं आणि पाणी दिलं. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला बेल आठवली, दूध आठवलं, शेजारीण आठवली. त्या बिचाऱ्या वायरमनची मी माफी मागून आले आहे. कान डॉक्टरांना दाखवले, मशीनही मागवलंय, ते यायला वेळ आहे, आणि आलं तरी फोनवर धड ऐकू येईल याची खात्री डॉक्टर देत नाहीत.

आणि सगळ्यात शेवटी मला तुझा फोन आठवला. पोरी, त्या दिवशी तू काय काय सांगितलंस त्यातलं मला अक्षरही कळलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून मी बरं बरं करत होते. शेवटचं तेवढं ऐकू आलं असं वाटलं, कारण प्रश्न असल्याचं तुझ्या सुरावरून कळलं. मला ते ‘ठेवू का?’ वाटलं. पण ते तसंच होतं का? गेले कित्येक दिवस मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघते आहे, आणि मला दुसरंच वाटायला लागलं आहे. तू ‘येऊ का?’ असं विचारलं होतंस का? आणि मी त्यावर ‘हो, ठेव’ म्हटलं का? तसं असेल तर तुला काय वाटलं असेल या विचाराने मला घास गिळवत नाही. नसेल विचारलंस, तर या म्हाताऱ्या बाईला हस आणि पत्र फाडून टाक. पण विचारलं असशील, तर त्याचं उत्तर मी आज देते आहे. ये. खडा सोनाराने नव्याने बसवला आहे, पण तो वाजतो का, हे मला कळायचा काही मार्ग उरलेला नाही, आणि तुझ्याखेरीज कुणाच्या कानावर माझा विश्वास नाही. रविवारी सकाळी ये, मी पाणी कोमट करून ठेवते. बेल दाबत बसू नकोस. दार नुसतं लोटलेलं असेल.

तुझीच,
इन्स्पेक्टरीणबाई