हाक्काकू आणि बाबांची नाव

१४ जानेवारी

चार लेप मासे आणि बाकी चिखल. बाबांनी टोपलीत डोकावून तोंड फिरवलं. खांदा मोडून ते घरी बसल्यापासून नाव मी नेतेय, आणि रोज हेच. धक्क्यावर शेजारच्या नावेचे तोगाशीकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "मिसुझु, मासे बाजारात मिळतात गं. एवढी थंडी कशाला सोसायची?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार.

१५ जानेवारी

वारा. नाव काढली नाही.

१९ जानेवारी

बाबा जेवताना म्हणाले — हिवाळा सरला की नाव तोगाशीला देऊन टाकू. चालवणार कोण?

मी समोरच बसले होते! दादा साप्पोरोला नोकरीला गेला त्याला वर्षं झाली, तरी चालवणारा म्हणजे तोच. भाताचा वाडगा तसाच ठेवून उठले.

२ फेब्रुवारी

बाबांच्या नेहमीच्या जागा सोडल्या. भूशिरापलीकडे, खोल वाळूवर जाळं टाकून आले. तिथली पाण्याची ओढ जाळं फाडते म्हणून ते कधी जात नाहीत. त्यांना सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी

हाक्काकू मासे! जाळं वर येईना. वाटलं, दगडात अडकलं. मग दिसायला लागले — अंगभर हाडांचं चिलखत, आठ कडा, पुढे काढलेलं नाक, आणि नरांचे ते शिडासारखे पर. काटे असे रुतलेले की सोडवताना हातमोजे फाटले, बोटं रक्ताळली. भर समुद्रात एकटीच मोठमोठ्यानं गात होते.

धक्क्यावर सगळे टोपल्यांभोवती जमले. तोगाशीकाकांनी एक मोठा नर शेपटीला धरून उचलला.

"कुठे मिळाले?"

"बाजारात, काका."

यावेळी सगळे त्यांना हसले.

घरी एकाचं पोट चिरून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण, आणि कांद्याची पात भरली, त्याच्याच कवचात निखाऱ्यावर भाजला. बाबांनी डाव्या हातानं कवच खरवडून खाल्लं. "मिसो जास्त झालाय," म्हणाले. आणि दुसरा मागितला.

११ फेब्रुवारी

आजही नाव भरून. तोगाशीकाकांची नाव माझ्या मागे मागे!

१२ फेब्रुवारी

दादाचा बाबांना फोन, स्पीकरवर. नोकरी सुटली, नाव सांभाळायला परत येतो म्हणाला. मी पलीकडच्या खोलीत जाळं शिवत होते. सुई थांबली. बाबांनी फोन जवळ ओढला. मग —

"ये की. पण मिसुझुला विचार. नाव तिची आहे. हाताखाली माणूस हवा की नको, ते ती ठरवेल."