कबरीवरचा सब्जा

आदरणीय वन्संना, धाकट्या भावजयीचा, सार्जियेमचा, वाकून सलाम.

सेमारांगच्या दमट हवेत तुमचा दमा उचल खात नाही ना? इथे क्लातेनला सगळं ठीक आहे, माझं पोट तेवढं सोडून, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय (जेवायचं राहिलं असेल तर आधी जेवून घ्या).

तुमचे भाऊ जाऊन तीन वर्षं झाली आणि आता अंडीवाले मुल्योनो मला मागणी घालतायत (खारवलेली बदकाची अंडी हो, माणूसही सालस). मलाही हो म्हणायचंय, तुमच्यापासून काय लपवू? एकटीला घर खायला उठतं. पण मध्येच माझं पोट असं गच्च झालं की पपई झाली, चिंचेचं पाणी झालं, ढिम्म हलेना. शेजारीण म्हणाली, "अगं, सब्जा भिजवून पी, आतडी कशी धुतल्यासारखी होतील." दुकानातला नेमका संपलेला. तुमच्या भावाच्या कबरीवर आपण वाहिलेला सब्जा रुजून कमरेएवढा झालाय, त्याचेच तुरे ओरबाडून आणले. तिथलं काही घेताना मयताची परवानगी मागायची असते, एवढं मला कळतं. पण जिवंतपणी मागून कधी काही मिळालं नाही, तर आता कशाला तोंड वेंगाडायचं, म्हटलं.

गुण आला हो! सकाळी पोट मोकळं. संध्याकाळी मुल्योनो ओसरीवर टेकले आणि पुन्हा दगड. ते गेले की मोकळं, आले की दगड. परवा त्यांनी लग्नाची तारीख काढली, तर माझ्या पोटातून आवाज आला. गुरगुर नव्हे, वन्सं. "हं!" तुमचे भाऊ नाही म्हणताना नाकातून काढायचे ना, तस्सा. मुल्योनो दचकून म्हणाले, "आत कुणी आहे का?" मी म्हटलं, "छे, भूक लागलीय." तेवढ्यात हातातल्या पेल्याकडे लक्ष गेलं. फुगलेल्या बियांचे सगळे काळे ठिपके मुल्योनोंच्या बाजूला काचेला चिकटून बसले होते. मी पेला फिरवला. ते सरकून पुन्हा मुल्योनोंकडेच. अंगावर सर्रकन काटा आला, बाई. आणि संतापही, की हा माणूस मेला तरी माझ्या आयुष्यातली लुडबुड सोडेना!

तुमची,
सार्जियेम

ता. क. : खरं काम पुढेच आहे. तुमचे भाऊ जन्मभर घाबरले ते फक्त तुम्हाला. तेवढं येऊन कबरीपाशी उभ्या राहा आणि खडसावा, "सोड तिला" म्हणून. गाडीत बसवायला तुमचा मुलगा येईलच, उतरवून घ्यायला मी येते.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवत होते तोच मुल्योनो आले. मी नको नको म्हणेपर्यंत माझा सब्जा घटाघटा पिऊन मोकळे (त्यांनाही म्हणे साफ होत नव्हतं). पेला खाली ठेवला, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चिमणे." वन्सं, ही तुमच्या भावाची हाक, खोलीचं दार लावल्यावरची. ती तुम्हालासुद्धा ठाऊक नाही, मुल्योनोंना कुठून असणार? मी किती घाबरले म्हणून सांगू. आणि किती रडले.

तुम्ही येऊ नका. मी ओ दिलीय.