प्रश्न सतरावा

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही प्रश्नावल्या पोचल्या. आमचा समाजशास्त्राचा अभ्यास अकरा देशांत चाललाय. सगळीकडे तेच चाळीस प्रश्न, त्याच क्रमानं. आधी प्रत्येकानं ते स्वतःच्या घरी विचारून बघायचे, म्हणून तुम्हाला त्रास दिला. पण आईचाही कागद तुम्हीच भरलात. आमच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, वडलांचं अक्षर सुरेख आहे, पण एकच माणूस दोनदा मोजला गेलाय. नवा कागद पाठवतेय. आईनं एकटीनं भरावा, पाकीट तिनंच चिकटवावं. पुस्तकं बांधणाऱ्या बाईला खळीची काय वाण!

तुम्ही दोघं माझ्या शेजारच्या इमारतीत येणार, या आनंदात काल पुन्हा जाऊन ते घर बघून आले.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
तुमची, ठमी

दि. ११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

चौतीस वर्षं या घरातला प्रत्येक अर्ज मी भरला. ऑफिसातही जन्म अर्ज तपासण्यात गेला. रकाना रिकामा दिसला तर साहेबांचाही अर्ज परत केला. आता मुलीनं माझा परत केला. असो.

आई कागद घेऊन दोन दिवस मागच्या खोलीत, तिच्या बांधणीच्या पसाऱ्यात, दार लावून बसली. सतराव्या प्रश्नाला, घरातले मोठे निर्णय कोण घेतं, मी ‘दोघं मिळून’ लिहिलं होतं. तीही तेच लिहिणार. पाकीट मात्र असं चिकटवलंय की वाफेनंही सुटत नाही. कसं कळलं ते विचारू नकोस.

महिनाअखेर ही जागा सोडायची. नव्या घरात बांधणीला खोली नाही, म्हणून आईचं पुस्तकं दाबायचं यंत्र कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्याला देतोय. तिलाही आता आराम.

तब्येतीला जप.
बाबा

दि. १९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. तेव्हा आईचं सांगणार नाही. एवढं सांगते, अकरा देशांतल्या बहुतेक घरांत सतराव्याला नवऱ्यानं ‘दोघं मिळून’ लिहिलंय आणि बायकोनं ‘ते’. कोळ्याच्या घरी तसंच, डॉक्टरच्याही.

खोली सोडायची हे आईला कुणी विचारलं होतं? तुम्ही नाही, आणि मीही नाही. मला तुम्ही जवळ हवे होतात, म्हणून गप्प बसले.

चुकले असेन तर पदरात घ्या.
ठमी

दि. २६ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझे अकरा देश मी आधी हसण्यावारी नेले. मग रविवारी आईला विचारलं, तुला जायचंय का. ती बांधणीचे कागद दुमडत होती, थांबली नाही. म्हणाली, मी काय म्हणावं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, तुला वाटेल ते. त्यावर म्हणाली, विचार करून सांगते.

नव्या घराच्या मालकाला कळवलं, महिनाअखेर जमणार नाही. तो म्हणाला, दुसऱ्याला देईन. देऊ दे. छापखानेवाल्यालाही थांबवलंय. अर्धं सामान बांधलेलं, अर्धं मोकळं; चहाचे कप शोधताना नाकी नऊ येतात.

आज चौथा दिवस. मंगळवारी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला चौतीस वर्षं लागली, मला चार दिवसही नकोत का?

काय ठरतंय ते तीच तुला लिहील. माझा अंदाज विचारू नकोस, मला खरंच माहीत नाही.

माया आहेच.
बाबा