कार्थेजची वादी

गुरुजी,

सातवीच्या वर्गात तुम्ही भूमध्य समुद्रावरच्या कार्थेज बंदराची गोष्ट सांगत होतात. गलबतातून आलेली परकी राणी, आणि एका बैलाचं कातडं झाकेल तेवढीच जमीन देऊ म्हणणारा तिथला राजा. "मग तिनं अख्खी टेकडी कशी घेतली असेल?" तुम्ही विचारलंत. कुणी म्हणालं ताणून, कुणी म्हणालं तुकडे जोडून. मी उठून म्हणालो, "वादी काढायची, एकच लांब पट्टी, आणि टेकडीभोवती फिरवायची. कडेनं गोल गोल कापत आत जायचं. एकसुद्धा गाठ लागत नाही." तुम्ही खूश झालात. "तुला कुणी शिकवलं?" माझे वडील बाजारच्या दिवशी चपला शिवायला बसतात हे सगळा वर्ग जाणून होता. तरी मी म्हणालो, "पुस्तकात वाचलं." तुमचा चेहरा उतरला. "असल्या गोष्टी पुस्तकात नसतात," एवढंच बोललात. छडीपेक्षा ते लागलं.

आता मी कतारमध्ये आहे, मेसईदच्या खत कारखान्यात इंजिनियर. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसतो तो फोरमन ट्युनिसचा. कार्थेज त्याच्या घरापासून जवळच. तो त्याला कर्ताज म्हणतो. रोमनांनी जाळून टाकलेलं ते शहर युरोपातल्या नाटकांतून, ऑपेरांतून अजून गायलं जातं, हे त्यानंच सांगितलं. मी ते इथल्या मराठी मंडळात बोललो आणि आमच्या दिग्दर्शिका बाईंनी संगीत नाटकच लिहून काढलं. राणी माझी मुलगी. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर पदं मात्र खणखणीत गाते.

तालमीला बाईंनी कातडं म्हणून तपकिरी कापडाच्या पट्ट्या गाठी मारून आणल्या. मला बघवेना. सुट्टीचे दोन शुक्रवार देवाचं नाव घेत बसलो आणि खऱ्या कातड्याची वादी काढली. कापलेलं कातडं जागच्या जागी ठेवलं की अखंडच दिसतं. मुलगी म्हणाली, "बाबा, इट विल स्नॅप!" बाई म्हणाल्या, "साहेब, तुटली तर आमच्या राणीचं राज्य खलास हं!"

प्रयोगात मुलगी वादीचं टोक धरून गात गात रंगमंचावरून उतरते. वादी सुटत जाते, खुर्च्यांच्या कडेनं, मागच्या दारापाशी वळून पुढे. एके ठिकाणी कातडं विरविरीत होतं, तिथं ती ताणली गेली. टिकली! मुलीनं परत वर येऊन टोकाला टोक भिडवलं. सगळं सभागृह तिच्या राज्यात, आणि सगळं सभागृह उभं. ट्युनिसवाला ओरडत होता, "वल्ला, माय सिटी!"

पडदा पडल्यावर बाईंनी मला माईकपाशी ओढलं. "इंजिनियर साहेब, ही विद्या कुठली? मोबाइलवर बघून शिकलात वाटतं?" लोक हसले. मी म्हणालो, "वडिलांकडून. माझे वडील चांभार होते. त्यांच्या हाताला तोड नव्हती." वीस वर्षांत इथे हे कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. मुलीनं माईक माझ्या हातातून घेतला आणि मराठीत म्हणाली, "माझे आजोबा!"

गुरुजी, छाती अजून भरलेली आहे. पण तुम्ही आज हयात असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. कारण त्या विरविरीत जागी वादी तुटली असती, तर बाईंना मी म्हणालो असतो, हो, मोबाइलवरच पाहिलं.